वाफेच्या गावी

गावाचे नाव कसे असावे? चिमूर, नागभीड, सिंदेवाही, मूल! नाव उच्चारताच पायाखाली माती लागली पाहिजे. ‘ऊर्जानगर’ म्हटले की मात्र एखाद्या सरकारी कागदाचा कोपरा हाती आल्यासारखे वाटते. अशा गावी पाहण्यासारखे काय असणार आणि लिहिण्यासारखे तर त्याहून काय असणार, असा माझा पुष्कळ दिवस समज होता. गेल्या दिवाळीत मामांकडे चार दिवस राहून आलो आणि तो समज चंद्रपूरच्या स्टेशनावरच कोठेतरी विसरून आलो.

चंद्रपूर हे मुळात गोंड राजांचे गाव. त्यांचा परकोट आजही शहराभोवती उभा आहे. जटपुरा वेशीतून बाहेर पडले की काही वेळाने आकाशाच्या कडेला उंच चिमण्या दिसू लागतात. त्या चिमण्यांच्या पायथ्याशी जी वसाहत आहे ती ऊर्जानगर. १९८३ साली येथील औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. २१० मेगावॅटचे पहिले दोन संच आता निवृत्त झाले आहेत. तरी उरलेल्या सात संचांची क्षमता २९२० मेगावॅट भरते. येथे निघालेली वीज पार मुंबईच्या दारात, पडघ्यापर्यंत, सुमारे साडेसातशे किलोमीटर तारांवरून चालत जाते. आपण मुंबई-पुण्याकडची मंडळी बटण दाबतो आणि दिवा लागला की विषय संपला असे समजतो. तो विषय जेथे सुरू होतो ते हे गाव.

वसाहत मोठी टापटिपीची. रांगेने क्वार्टर्स, रस्त्याच्या दुतर्फा झाडे, शाळा, देऊळ. झाडांच्या पानांवर राखेचा बारीक थर. ताडोबाचे जंगल हाकेच्या अंतरावर असल्यामुळे, आपल्याकडे पाहुण्याला “छत्री घेऊन जा, आभाळ आले आहे,” असे सांगतात त्याच सुरात येथे “अंधार पडल्यावर त्या बाजूला जाऊ नका, वाघ असतो,” असे सांगतात. मी पहिल्या दिवशी हसलो. दुसऱ्या दिवसापासून मुकाट्याने दिवेलागणीला घरी येऊ लागलो.

माझे मामा येथे आपल्या मुलाकडे राहतात. वय त्र्याऐंशी. मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, वीज केंद्रात बॉयलरच्या विभागात आहे. मामांची सारी नोकरी रेल्वेत गेली आणि तीही नॅरोगेजवर. गोंदिया, नागभीड, चांदा फोर्ट, नागपूर असे अडीच फुटी रुळांचे एक जाळे बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी या जंगलात विणले होते. मामा त्यावर आधी इंजिने पुसणारे क्लीनर म्हणून लागले, मग फायरमन झाले आणि पुढे ड्रायव्हर. वाफेची इंजिने गेली, डिझेल आले. गोंदिया-चांदा फोर्ट मार्गाचे ब्रॉडगेज झाले. शेवटी नागपूर-नागभीड ही छोटी गाडीही रुंदीकरणासाठी २०१९ च्या नोव्हेंबरात थांबली. मामा त्यापूर्वी कितीतरी वर्षे निवृत्त झाले होते. तरी ती बातमी वाचली त्या दिवशी ते जेवले नाहीत, असे मामी सांगत असत.

मामांची रेल्वेतली एकच वस्तू घरात आहे : एक हातबत्ती. आत वात, बाहेर भिंग, वरची टोपी फिरवली की लाल, हिरवा नाहीतर पांढरा उजेड देणारी. ती त्यांनी भंगाराच्या लिलावात रीतसर पावती करून घेतलेली आहे, आणि ती पावती आजही त्यांच्या ट्रंकेत आहे. बत्ती मात्र कित्येक वर्षे माळ्यावर गंजत पडली होती.

मी पोहोचलो त्या संध्याकाळी ती बत्ती दिवाणखान्यात मधोमध टेबलावर ठेवलेली होती. वहिनींनी दिवाळीसाठी तिला घासूनपुसून सोनेरी रंग दिला होता आणि नातवाने आत सेलवर चालणारा विजेचा दिवा बसवला होता. खरोखर देखणी दिसत होती. बत्ती मामांना अचानक दाखवायची असे ठरले होते. मामा बाहेरून आले, बत्तीपाशी थांबले, तिची टोपी एकदा फिरवून पाहिली आणि म्हणाले,

“पेटते काय?”

“सेलवर लागते नं, आबा!” नातवाने बटण दाबले.

“हो,” मामा म्हणाले. “चांगली दिसते.” आणि हातपाय धुवायला आत गेले.

एवढेच. पण वहिनींचा चेहरा उतरला. “मी चुकले का हो भाऊजी?” असे त्यांनी मला विचारले, आणि त्या एका प्रश्नावरून आमच्या घरात जो वाद पेटला तो जेवणे होईपर्यंत विझला नाही.

मामेभावाचे म्हणणे असे की, गंजून भोक पडण्यापेक्षा रंग लागलेला काय वाईट? वस्तू टिकली हे महत्त्वाचे. माझे मत उलट पडले. मी पडलो मराठीचा मास्तर. जुन्या पोथ्यांचे पाठ तपासण्यात अर्धे आयुष्य गेलेले. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती लोकांनी मध्ये घातलेल्या ओव्या काढून टाकण्यासाठीच ना? तेव्हा बत्तीला सोनेरी रंग देणे हा माझ्या लेखी प्रक्षेप होता, आणि ते मी जरा जास्तच ठासून सांगितले. वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या. विद्वत्तेचा घरात असाच उपयोग होतो.

नातवाने तेवढ्यात मोबाइलवर एक चित्रफीत काढून सर्वांना दाखवली. “हे पाहा काका, वाफेचं इंजिन!” गुजरातेत अहमदाबाद ते एकतानगर ही ‘हेरिटेज’ गाडी २०२३ च्या ३१ ऑक्टोबरला सुरू झाली, तिची ती चित्रफीत होती. पुढे गोल तोंडाचे, धुराड्याचे, काळेभोर इंजिन. पण आत सगळा विजेचा कारभार. वाफेचे नुसते रूप. राजस्थानात मारवाड ते खामलीघाट अशी गाडी त्याच महिन्यात निघाली. तेथे हाच वेष डिझेल इंजिनाने घेतला आहे. लोक हौसेने बसतात, पोरे टाळ्या वाजवतात. मी मामांकडे पाहिले. ते चित्रफीत डोळ्यांजवळ धरून पाहत होते.

“सोंग चांगलं घेतलं,” ते म्हणाले. “दशावतारातला गणपतीबी चांगलाच दिसते. पण त्याले मोदक पचत नाही.”

त्या रात्री ठरले की दुसऱ्या दिवशी सर्वांनी नागपूरला जायचे. तेथे मोतीबागेत नॅरोगेजचे संग्रहालय आहे. २००२ सालच्या डिसेंबरात ते उघडले. मामांनी ते कधी पाहिले नव्हते. ‘काय पाहाचं, मी त्यातच होतो की,’ असे म्हणून ते टाळीत असत. या वेळी ‘नाही’ म्हणाले नाहीत.

ऊर्जानगरहून नागपूर मोटारीने तीन तासांच्या आसपास. वाटेत भद्रावती, मग वरोरा. वरोऱ्याचे नाव आपल्याला बाबा आमट्यांच्या आनंदवनामुळे ठाऊक. पण या भागात रेल्वे आली ती वरोऱ्याच्या कोळशासाठी. वर्धा ते वरोरा हा फाटा १८७७ च्या सुमारास झाला, आणि येथील खाणीतला कोळसा गाडीत बसून बाहेर जाऊ लागला. इंजिनाने कोळसा खायचा आणि कोळसाच ओढायचा, असा तो संसार. वाटभर मामेभाऊ आणि मी कालचाच वाद उगाळीत होतो. मामा खिडकीतून बाहेर पाहत होते.

वादात मी एक विलायती दाखला काढला. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे इंग्लंडातले बहुधा सर्वांत लाडके इंजिन. डॉनकास्टरच्या कारखान्यात १९२३ साली बांधलेले. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने ते विकत घेऊन दहा वर्षे दुरुस्त केले. खर्च आला बेचाळीस लाख पौंड. २०१६ मध्ये ते पुन्हा धावू लागले, तेव्हा रंगावरून मोठे रण माजले. जुन्या भक्तांना हवा होता सफरचंदी हिरवा रंग आणि ४४७२ हा जुना क्रमांक. इंजिन बाहेर आले ते गर्द हिरव्या रंगात, ६०१०३ या शेवटच्या क्रमांकाने आणि धुराड्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे पंखे लावून. या पंख्यांची गोष्ट मोठी बोधप्रद आहे. इंजिनाला पुढे दुहेरी धुराडे बसवले. त्याने जोर वाढला, पण धूर मंदपणे निघून ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढे लोळू लागला. तो वर उडावा म्हणून पंखे आले. म्हणजे ज्यांना जुना चेहरा हवा त्यांनी जुने धुराडेही लावावे. आणि नवे धुराडे हवे तर चेहरा नवाच पत्करावा. रूप आणि काम यांची अशी गाठ असते.

“मग तुझा मूळ पाठ कोणता?” मामेभावाने मला कोंडीत पकडले. “जन्माच्या दिवसाचा, की नोकरीच्या शेवटच्या दिवसाचा?”

मला उत्तर सुचले नाही. पोथीला एक लेखक असतो. चाळीस वर्षे चाललेल्या इंजिनाला कितीजण लिहितात! फिटर लिहितो, रंगारी लिहितो, अपघातही लिहितो.

मोतीबागेत झाडांच्या सावलीत छोटी इंजिने उभी आहेत. आपल्या डोळ्यांना सवय ब्रॉडगेजची. त्यामुळे ही इंजिने घरातल्या धाकट्या भावंडांसारखी वाटतात. अंगावर रंग नवा, पितळ चकचकीत. मामा काठी टेकत एकेकाभोवती फिरले. एकापाशी थांबून म्हणाले, “असं लखलखीत आम्ही साहेबाच्या तपासणीच्या दिवशीच पाहिलं.” तक्रारीचा सूर नव्हता, उलट कोणीतरी अजून पुसते आहे याचे समाधान होते. मग त्यांनी चाकावर हात ठेवला, चाकावरून जोडदांड्यावर नेला, आणि शेवटी तळहात भट्टीच्या बाजूला पत्र्यावर टेकून जरा वेळ उभे राहिले. देवळात खांबाला टेकून माणूस उभा राहतो तसे.

“थंड आहे,” एवढेच म्हणाले.

परतताना वरोऱ्याला चहासाठी थांबलो. तेथे जे घडले त्यासाठीच खरे म्हणजे मी हा लेख लिहितो आहे. नातवाने विचारले, “आबा, इंजिन सुरू कसं करायचं? किल्ली असते?” मामा पहिल्यांदा मोकळेपणाने हसले आणि बोलू लागले. इंजिन सुरू होत नाही, ते जागे करावे लागते. थंड बॉयलर तापायला तासन् तास लागतात. घाई केली तर पत्रे वेडेवाकडे फुगतात, नळ्या गळतात. म्हणून ड्युटी सकाळची असली तरी विस्तव आदल्या रात्रीच. आणि भट्टीला हात लावण्यापूर्वी पहिले काम एकच : काचेच्या नळीत पाण्याची पातळी पाहणे. भट्टीच्या छतावर पाणी असलेच पाहिजे. पाणी उतरले आणि छत उघडे पडले, की ते लाल होऊन मऊ पडते आणि वाफेच्या दाबाने फुटते. मग इंजिनही नाही आणि माणूसही नाही. म्हणून छतात शिशाचे बूच असते. पाणी कमी झाले की ते आधी वितळते आणि वाफ सुटून विस्तव विझवते.

“आमच्याकडंही तेच,” मामेभाऊ एकदम म्हणाला. “ड्रमची पातळी. आमची नजर पहिली तिथं जाते. पातळी खाली गेली की संच आपोआप बंद पडतो. तुमचं बूच म्हणजे आमचं ट्रिपिंग.”

मामांनी कप खाली ठेवला. “आणि कोळसा? इथला की तिकडचा?”

“इथलाच जास्त. राख फार.”

“क्लिंकर?”

“क्लिंकर!” मामेभाऊ हसला. “भट्टीच्या भिंतीला असा चिकटतो...”

“आम्ही सळईनं फोडायचो. जाळीवर पोळीसारखा थर बसे, मग हवा खालून येणार कुठून? धूर काळा पडे. काळा धूर म्हणजे फायरमन आळशी. कोळसा एकदम नाही टाकायचा. थोडा थोडा, कोपऱ्याकोपऱ्यात. धूर राखाडी राहिला पाहिजे.”

“आम्ही धुराऐवजी यंत्रावर पाहतो, हवा किती, ऑक्सिजन किती. पण हिशोब तोच.”

मग ते दोघे जे बोलत सुटले त्यात आम्हा इतरांना जागा उरली नाही. मामांच्या इंजिनात दर चौरस इंचाला दीडशे-एकशेसाठ पौंडांचा दाब. मुलाच्या बॉयलरात त्याच्या दहापटीहून जास्त, आणि वाफ सुमारे ५४० अंशांवर. इंजिनात कोळशाच्या शंभर भाग उष्णतेपैकी सहा-सात भाग चाकांना मिळत. येथे पस्तीसच्या आसपास वीज होऊन निघतात. “म्हणजे आम्ही त्र्याण्णव-चौऱ्याण्णव भाग जंगलाला वाटून येत होतो!” मामा म्हणाले. पंचवीस वर्षे एका घरात राहून बाप-लेकांनी एकमेकांचे काम एकमेकांना विचारले नव्हते. बापाला वाटे, मुलगा विजेच्या खात्यात आहे. मुलाला वाटे, वडील गेलेल्या जमान्यातले आहेत. दोघेही पाणी उकळत होते, ही गोष्ट वरोऱ्याच्या चहाच्या टपरीवर उघडकीस आली.

उरलेल्या वाटेवर मी गप्प होतो. वाफेचे इंजिन जतन करायचे म्हणजे नेमके काय जतन करायचे, हा प्रश्न माझ्या डोक्यात नव्याने उभा राहिला होता. संग्रहालयातले इंजिन अंगाने अस्सल आहे, पण विस्तव नाही. ‘फेअरी क्वीन’ १८५५ साली लीड्सला बांधलेली. १९९७ मध्ये ती पुन्हा दिल्ली-अलवर मार्गावर धावू लागली आणि पुढल्या वर्षी जगातले सर्वांत जुने चालते इंजिन म्हणून गिनेसच्या पुस्तकात गेली. पुढे तिचे सुटे भाग चोरीला गेले. पेरांबूरच्या कारखान्यात नवे भाग घालून ती परत उभी केली, आणि २०१७ मध्ये ती पुन्हा धावली. अंग काही जुने, काही नवे, विस्तव खरा. निलगिरीच्या डोंगरी रेल्वेसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने तर जुन्या घाटाची कोरी करकरीत इंजिने घडवली. २०२१ साली त्यांतले एक कोळशावर चालणारे बाहेर पडले. तेथे अंग सगळेच नवे, पण वाफ खरी, आणि ती घडवणारे, पेटवणारे हातही शिकून तयार झालेले. आणि चौथे ते एकतानगरचे : चेहरा जुना, आत वाफेचा थेंब नाही.

पण थेंब नाही असे तरी कसे म्हणावे? त्या इंजिनाला वीज लागते. आणि आपल्या देशातली निम्म्याहून अधिक वीज आजही कोळशाच्या भट्टीवर पाणी उकळूनच निघते. म्हणजे मुखवट्याखाली वाफ नाही हे खरे. पण ती पुष्कळ मागे, अशाच एखाद्या ऊर्जानगरात, खदखदते आहे. वाफ गेली असे आपण उगाच म्हणतो. तिने घर बदलले. जे जात चालले आहे ते निराळेच : पत्र्याला कान लावून पाणी किती उरले ते सांगणारा माणूस. कारखान्यात इंजिन नवे होते. तो माणूस नवा व्हायला कोणीतरी त्याच्याजवळ बसून शिकावे लागते. आम्ही रंगावर भांडत होतो, आणि जे शिकायचे ते दिवाणावर शेजारी बसून पेपर वाचत होते.

नरकचतुर्दशीच्या पहाटे मला जाग आली ती रॉकेलच्या वासाने. बाहेर ओट्यावर मामा आणि नातू बसले होते. सेलचा दिवा बाजूला काढलेला. मामांनी वात कातरून नीट सपाट केली होती. कोपरे मात्र किंचित गोल. “कोपरा टोकदार राहिला की ज्योतीले शिंगं फुटते, काच काळी होते,” ते नातवाला सांगत होते. रॉकेलची बाटली मामेभावाने आदल्या रात्री कोठून पैदा केली, देव जाणे. नातवाने काडी ओढली. दोनदा विझली. तिसऱ्यांदा वात धरली, आणि भिंगातून एक लहानसा, पिवळा, हलता उजेड अंगणातल्या रांगोळीवर पडला.

वहिनी दारात आल्या. “मामंजी, तो सोनेरी रंग खरवडून काढू का? माझ्या हातून चूकच झाली.”

“काहून खरवडाचा? हौसेनं दिला तुम्ही,” मामा म्हणाले. “राहू द्या. रोज पेटवली तर महिनाभरात धुरानं आपोआपच काळी होते.”

माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही, हा त्यांचा मोठेपणा. मी पाठशुद्धीवर पुन्हा त्या घरात बोललो नाही.

दूर चिमण्यांच्या माथ्यावर लाल दिवे होते आणि त्यांच्यावरून पांढुरका धूर उगवतीच्या उजेडात सरकत होता. मामांनी तिकडे बोट केले आणि मुलाला विचारले, “आज पाळी कोणाची आहे? धूर मस्त राखाडी आहे.”

मामेभाऊ हसला. त्याची स्वतःचीच पाळी सकाळी सातची होती. अभ्यंगस्नान आणि फराळ आटोपून तो सायकल काढून निघाला, तेव्हा मामा फाटकापर्यंत गेले. हातात बत्ती होती. त्यांनी टोपी फिरवली आणि हिरवा उजेड दाखवला.